लहानांच्या वॉर्डातून मोठ्यांच्या वॉर्डात



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आणि ती वावगी नाही. परंतु आज आम्ही आतड्याच्या एका रोगाविषयी बोलणार आहोत. आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या वस्तीत. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे, हे आम्ही सांगणार नाही. परंतु रोगी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये काय सांडते, हे पाहण्याचे प्रसंग आमच्यावर पुष्कळदा आले आहेत. सांडलेले भरून काढण्याचे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. त्यात तुमचाआमचाही वाटा आहे. म्हणून हा विषय निवडला.

प्रथम रोग कोणता, ते सांगतो. पोट बिघडणे आपल्याला नवे नाही. ते बिघडते आणि चार दिवसांत ठिकाणावर येते. परंतु काही मुलांना महिनोन् महिने जुलाब होतात, त्यांत रक्त पडते, पोटात कळा येतात, अंगात ताप राहतो, वजन उतरते, आणि बरोबरीची मुले उंच होत गेली तरी हे मूल आहे तेवढेच राहते. अशांपैकी काहींना आतड्याचा जुनाट दाह असतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण पडतात. त्याला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात. दुसरा प्रकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल शिरतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपनहायमर या तिघा डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्याला 'क्रोनचा आजार' हे नाव पडले.

जी शक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी शरीरात असते, तीच या रोगात घरच्या आतड्यावर उलटते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताटाला ताट लावून जेवल्याने तो होत नाही, आणि आपल्या खानदेशी मिरचीनेही होत नाही. आईबापांनी काही पाप केले म्हणून तर मुळीच होत नाही. औषधांनी तो मुळापासून जात नाही, परंतु आवरता येतो. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली कॉर्टिझोनचा गुण पद्धतशीर चाचणीने दाखवून दिला. पुढे शरीराची ही उलटलेली शक्ती दाबणारी औषधे आली. १९९८ साली अमेरिकेत क्रोनच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनास मान्यता मिळाली. योग्य उपचार मिळाला तर आज असे पुष्कळ रोगी शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. मात्र उपचार वर्षानुवर्षे चालवावा लागतो, आणि आपल्या विषयाची सगळी अडचण या 'वर्षानुवर्षे'त आहे.

पाश्चात्त्य देशांतला अनुभव असा की, सुमारे चौथा हिस्सा रोग्यांचा आजार विशीच्या आतच उघड होतो. म्हणजे रोग सुरू होतो तेव्हा रोगी आईचे बोट धरून चालणारा असतो, आणि रोग चालू असतानाच तो मिसरूड फुटलेला तरुण होतो, किंवा तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आपल्याकडे यात आणखी एक घोटाळा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा आजार हे दोन रोग इतके सारखे दिसतात की, दुर्बीण घालून पाहिले, तुकडा काढून तपासला, तरी कित्येकदा निवाडा होत नाही. त्यामुळे क्रोनच्या पुष्कळ रोग्यांना आधी क्षयाची औषधे दिली जातात. यात डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. क्षय आपल्या देशात घरोघरचा पाहुणा आहे. परंतु निदान होईपर्यंत मुलाचे वर्ष-दीड वर्ष जाते, आणि बापाच्या खिशातून काय जाते ते आपण जाणताच.

निदानासाठी आणि पुढच्या उपचारासाठी आपल्या भागातले पुष्कळ लोक मुंबईची वाट धरतात. मुलांच्या पोटाचे खास तज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. जळगावहून मुंबई सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीची गाडी, सकाळी रुग्णालयाची रांग आणि पुन्हा रात्रीची गाडी, असा हा दौरा दर दोन-तीन महिन्यांनी करणारी कुटुंबे आमच्या माहितीची आहेत. मुंबईत परळला वाडियांचे मुलांचे रुग्णालय आहे. वाडिया हे गिरणीमालक. आपल्या आईच्या नावाने त्यांनी ते उभारले आणि १९२९ साली ते सुरू झाले. शेजारीच १९२६ पासूनचे, मोठ्या माणसांवर उपचार करणारे के. ई. एम. रुग्णालय आहे. एका दारातून निघून दुसऱ्या दारापर्यंत चालत जाता येते. लहानपणातून मोठेपणात मात्र असे चालत जाता येत नाही, आणि मध्ये हात धरणारा कोणी नसला तर रोगी तेवढ्यातच हरवतो.

आता या मुलावर किती घड्याळे चालतात ते पाहा. पहिले घड्याळ रुग्णालयाचे. आपल्याकडच्या पुष्कळ सरकारी रुग्णालयांत बारा वर्षे पूर्ण झाली की मूल मुलांच्या वॉर्डातून मोठ्यांच्या वॉर्डात जाते. दुसरे घड्याळ कायद्याचे. ते अठराव्या वर्षी वाजते, आणि त्या दिवसापासून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर आईची सही चालत नाही. तिसरे घड्याळ आमच्या नेहमीच्या परिचयाचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे. १९४८ च्या कायद्यात विमेदाराचे 'कुटुंब' म्हणजे कोण, हे ठरवून दिले होते आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तीच रचना पुढे आली आहे. त्याप्रमाणे अवलंबून असलेला मुलगा अठरा वर्षांपर्यंत, आणि शिकत असेल तर एकवीस वर्षांपर्यंत बापाच्या विम्यावर उपचार घेऊ शकतो. अविवाहित मुलीला सवलत आहे; शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे दुबळ्या झालेल्या अपत्यालाही आहे. परंतु आतड्याच्या जुनाट दाहाचा मुलगा त्या शेवटच्या कलमात बसतो की नाही, याचा झगडा कागदपत्रांनिशी करावा लागतो. ज्या वर्षी मुलगा शाळा सोडून काम शोधतो, त्याच वर्षी त्याच्या औषधाचा आधार सुटतो! ही तिन्ही घड्याळे वेगवेगळ्या वेळी वाजतात. रोगाला मात्र घड्याळ माहीत नाही.

एक उदाहरण देतो. गाव-नाव सांगत नाही. धुळे जिल्ह्यातला एका हमालाचा मुलगा. दहाव्या-अकराव्या वर्षी आजार सुरू झाला. आई निरक्षर; परंतु कोणती गोळी सकाळची, कोणती रात्रीची, कोणत्या गोळीने अंगावर सूज आली होती, हे सारे तिला रंगावरून आणि आकारावरून पाठ. सात-आठ वर्षे तिने पोराला जपले. अठरा झाल्यावर त्याला मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवले. तेथल्या डॉक्टरांनी रीतीप्रमाणे रोग्यालाच विचारले, "बाबा, तुला काय आजार आहे? कोणती औषधे चालू आहेत?" पोराने उत्तर दिले, "माले काय ठाऊक? मायले इचारा!" माय बाहेर बाकावर बसलेली, कारण मोठ्या रोग्याबरोबर आत जायचे नसते, असे तिला कोणी सांगितले होते. पुढे तो मुलगा सुरतेला गेला, जसे आपले हजारो खानदेशी बांधव जातात. पोट शांत होते, म्हणून गोळ्या थांबवल्या. सात-आठ महिन्यांनी परत आला तो दोन माणसांच्या आधाराने, नुसता सापळा.

यात दोष कोणाचा? लहानांच्या डॉक्टरांनी जीव लावून उपचार केले होते. मोठ्यांच्या डॉक्टरांनी योग्य तेच प्रश्न विचारले होते. आईच्या मायेविषयी तर बोलायलाच नको. प्रत्येकाने आपापले काम केले. परंतु एकाचे काम कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, त्या सांध्यावर कोणीच उभे नव्हते.

आपल्या भुसावळचे उदाहरण घ्या. तेथे गाड्यांचे ड्रायव्हर बदलतात. उतरणारा ड्रायव्हर इंजिनातले दोष वहीत लिहून ठेवतो; चढणारा ती वही वाचतो, दोघे बोलतात, आणि मग गाडी हलते. याला आपण 'चार्ज देणे' म्हणतो. घड्याळात आठ वाजले म्हणून पहिला ड्रायव्हर चालत्या गाडीतून उतरून गेला, असे कधी ऐकले आहे काय? मुलाच्या बाबतीत मात्र आपण नेमके असेच करतो. तारीख आली की मूल दुसऱ्या वॉर्डात. वॉर्ड बदलला, पण चार्ज कोणीच दिला नाही.

हा भेद जगातल्या जाणत्या लोकांनी ओळखलेला आहे. १९९३ साली अमेरिकेतील किशोरवयीनांच्या वैद्यकसंस्थेने सांगून ठेवले की, जुनाट आजाराच्या मुलांना मोठ्यांच्या उपचारव्यवस्थेत नेणे हे हेतुपूर्वक आणि आखून करण्याचे काम आहे. इंग्लंडमध्ये २०१६ साली याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत ही तयारी फार तर तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू झालीच पाहिजे, आणि प्रत्येक मुलामागे या कामापुरता एक नेमका जबाबदार माणूस असला पाहिजे, असे म्हटले आहे. आमच्या मते सारा विषय या 'एक माणूस' शब्दांत आहे. तो डॉक्टर असो, परिचारिका असो, समाजसेविका असो वा शाळेतला मास्तर असो. परंतु 'हा मुलगा पलीकडे पोचला की नाही' हे विचारणारा एक माणूस हवा.

आता हे आपल्या जळगाव-धुळ्यात कसे करायचे? पैसा नाही, तज्ज्ञ नाहीत, ही रड खरी आहे. तरी पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट घरातली. बाराव्या वर्षी मुलाला त्याच्या आजाराचे नाव उच्चारता आले पाहिजे, आणि गोळ्यांची नावे पाठ पाहिजेत. चौदाव्या वर्षी डॉक्टरांशी पाच मिनिटे त्याने एकट्याने बोलावे. आईने तेवढा वेळ बाहेर बसावे. सोळाव्या वर्षी रक्ततपासणी कधी करायची आणि गोळ्या संपण्याआधी कधी आणायच्या, हे त्याने सांभाळावे आणि आईने फक्त लक्ष ठेवावे. अठराव्या वर्षी नव्या डॉक्टरांकडे जाणे, तेही पोट शांत असताना. रोग उसळलेला असताना डॉक्टर बदलू नये. पहिल्या एक-दोन भेटींपर्यंत जुन्या डॉक्टरांचा दरवाजा उघडा राहावा. आयांना आमचे हात जोडून सांगणे आहे: तुम्ही मुलाला पोहायला शिकवता तेव्हा आधी पोटाखाली हात धरता, मग नुसता जवळ ठेवता, मग काढता. तेच येथे करा.

दुसरी गोष्ट वहीची. एक शंभरपानी वही घ्यावी. तीत रोगाचे नाव, निदान कोणत्या वर्षी झाले, आतड्याच्या कोणत्या भागात आहे, दुर्बिणीच्या तपासण्यांच्या तारखा, कोणते औषध लागू पडले, कोणते पडले नाही, कशाने अपाय झाला, क्षयाची औषधे कधी घेतली होती काय, कोणत्या लशी टोचल्या, शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणती, हे सारे लिहून काढावे. कोणी म्हणेल, आई निरक्षर, लिहिणार कोण? श्रोतेहो, हा प्रश्न निदान खानदेशात तरी विचारू नये. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओठांवरचे मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवले, म्हणून १९५२ साली त्याचे पुस्तक झाले आणि महाराष्ट्राला ते धन मिळाले. आईने सांगावे आणि लेकाने लिहावे, ही आपल्याच मातीतली रीत आहे. लिहिता लिहिता आईचे ज्ञान लेकाचे होते. वहीचा मोठा फायदा तोच.

तिसरी गोष्ट, ज्या सांगायला संकोच वाटतो त्यांची. मोठ्यांचे डॉक्टर मुलाला ज्या गोष्टी विचारतात, त्या लहानांचे डॉक्टर आईसमोर सहसा विचारत नाहीत. विडी-सिगारेटने क्रोनचा आजार बळावतो, हे पोराला सोळाव्या वर्षी कळले पाहिजे. कारण विडी त्याच्या हाती अठराव्या वर्षाची वाट पाहत नाही. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. या रोगात दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध गर्भाला घातक आहे. ते घेणाऱ्या मुलीला ही गोष्ट लग्नाआधी ठाऊक हवी. मोठ्या आतड्याचा दाह आठ-दहा वर्षे राहिला तर कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून पोट शांत असले तरी ठराविक काळाने दुर्बिणीची तपासणी करावी लागते. आणि मुलीच्या लग्नाचे काय? आजार लपवून लग्न लावले तर गोळ्याही लपून घ्याव्या लागतात, आणि लपून घ्यायच्या गोळ्या लवकरच सुटतात. आजार आटोक्यात असताना अशा पुष्कळ स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. हे सोयऱ्यांना उघड सांगण्याचे धैर्य बापाने दाखवावे. ऐकून जे स्थळ परत जाईल, ते गेलेलेच बरे.

चौथी गोष्ट रुग्णालयांची. धुळ्यास १९८९ पासून आणि जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही ठिकाणी मुलांचा विभाग आहे आणि मोठ्यांचाही. आमची सूचना एवढीच की, दोन महिन्यांतून एक दिवस दोन्ही विभागांतल्या डॉक्टरांनी एका टेबलाशी बसावे आणि पलीकडे जाणाऱ्या मुलांना एकत्र पाहावे. त्याला नवी इमारत लागत नाही. एक जादा खुर्ची लागते. मुंबईच्या तज्ज्ञाचा सल्ला टेलिफोनवर घेता येईल. परंतु रोजचा हात जवळचा असावा. सव्वाचारशे किलोमीटरवरच्या डॉक्टरांकडे मूल आईबरोबर जाते. तरुण नोकरीवरची रजा बुडवून जात नाही.

पाचवी गोष्ट आमच्या स्वतःच्या प्रांतातली. राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढे २०१३ मध्ये ती जळगावासह साऱ्या राज्यात आली आणि आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. घरी रोज घ्यावयाच्या गोळीचा प्रश्न तिने सुटत नाही. आणि रोजची गोळी चुकते तेव्हाच रुग्णालयात दाखल व्हावे लागते! अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकार मोजतो. त्यांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, आणि ते योग्यच आहे. आतड्याचा हा आजार नाही. तेव्हा कामगार संघटनांनी तीन मागण्या लावून धराव्यात. जन्मभराच्या आजाराच्या मुलाला स्वतःची नोकरी आणि स्वतःचा विमा मिळेपर्यंत बापाच्या विम्याखाली ठेवावे. रोजची औषधे सरकारी दवाखान्यातून मिळावीत. आणि कारखान्यात, बाजार समितीत, एस. टी. स्थानकावर स्वच्छ, उघडे असलेले, पाणी असलेले शौचालय असावे. शौचालयाची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. कुलूप मात्र कोणत्याही कायद्यात नव्हते. या रोग्याला घाई होते तेव्हा तो दहा मिनिटे थांबू शकत नाही. तासाभरात तीनदा उठला म्हणून मुकादम त्याला कामचुकार ठरवतो, आणि लाजेपोटी तो खरे कारण सांगत नाही. आमच्या एस. टी. बांधवांना विनंती आहे की, एखाद्या पोराने खाली मान घालून 'गाडी थांबवा' म्हटले तर कारण विचारू नका, थांबवा.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही टाळणार नाही. आपल्याकडे क्षय आहे, कुपोषण आहे, सातपुड्यात बाळंतिणीला दवाखाना दूर आहे. अशा स्थितीत मोजक्या मुलांच्या या रोगाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला आमचे उत्तर असे की, आम्ही एका रोगासाठी निराळे रुग्णालय मागत नाही. आम्ही मागतो तो एक पूल आहे. इन्सुलिन घेणारे मधुमेही मूल, सिकलसेलचे आदिवासी मूल, फेफऱ्याचे मूल, मूत्रपिंडाच्या आजाराचे मूल, यांतली पुष्कळ पूर्वी लहानपणीच दगावत. आता औषधांमुळे ती मोठी होऊ लागली आहेत. हे वैद्यकाचे यश आहे, आणि त्या यशाने हा नवा प्रश्न उभा केला आहे. ही सारी मुले त्याच पुलावरून जातील.

वेळ झाला, आटोपते घेतो. १९ मे हा दिवस या रोगासाठी जगभर पाळला जातो. आपण मिरवणूक काढावी असे आम्ही म्हणत नाही. आज घरी गेल्यावर एवढेच आठवा की, आपल्या गल्लीत, नात्यात, कामावरच्या सोबत्याच्या घरी जन्मभराच्या औषधावर असलेले एखादे बारा-चौदा वर्षांचे मूल आहे काय? असेल तर त्याला एक वही नेऊन द्या, पहिल्या पानावर त्याच्याच हाताने आजाराचे नाव लिहून घ्या, आणि आईबापांना विचारा, "हा अठराचा झाल्यावर कोणाकडे जाणार, ते ठरले आहे का?" हा प्रश्न विचारणारा माणूस आपल्यापैकी कोणालाही होता येते.